वसईचा दुभाषी : संत गोन्सालो गार्सिया ह्यांचीं उमेदवारीचीं वर्षें

संतांचीं चरित्रें लिहिणाऱ्यांना एक घाई असते. जन्म, बालपण, एखाददुसरा सद्गुण, आणि लागलीच मरण. त्यांतून चरित्रनायक रक्तसाक्षी असला म्हणजे तर विचारावयासच नको. लेखणी धांवत जाऊन क्रूसापाशींच थांबते. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्या वाट्याला हेंच आलें आहे. इ. स. १५९७ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ५ व्या तारखेस जपानांतील नागासाकी येथें निशिझाका नांवाच्या टेकडीवर त्यांना क्रूसास बांधून भाल्यांनीं विंधण्यांत आलें, हें आपल्यापैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. हिंदुस्थानांत जन्मलेला पहिला संत म्हणून त्यांचें नांव आपण अभिमानानें घेतों. परंतु त्या टेकडीपर्यंत पोंचण्यास त्यांना सुमारें पंचवीस वर्षें लागलीं, आणि त्यांतलीं पुष्कळशीं शिकण्यांत गेलीं, ह्याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या शिकण्याविषयींच लिहावयाचें योजिलें आहे.

कोल्हापूरच्या धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेंत वसईचा संत कशाला, असें कोणी विचारील. एक उत्तर असें कीं, घाटावरचे आपण भाविक कोंकणापासून वेगळे नाहीं. कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे इ. स. २००५ मध्यें पुणें धर्मप्रांतांतून निघून सिंधुदुर्ग धर्मप्रांतांत एका महागुरूंच्या छत्राखालीं आले. दुसरें उत्तर भाषेचें आहे. आपल्या शहरांत मराठी चालते. दक्षिणेस थोडें गेलें कीं कन्नड कानीं पडते. घाट उतरला कीं मालवणी, आणि तिच्याहि पलीकडे गोव्याची कोंकणी. घरची एक भाषा, बाजाराची दुसरी आणि देवळांतली तिसरी, हा अनुभव आपल्यापैकीं अनेक कुटुंबांना नवा नाहीं. चार भाषा जिभेवर खेळवून ज्यानें प्रभूची सेवा केली, तो संत अशा कुटुंबांना परका वाटूं नये.

इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनीं, १५५६ च्या किंवा १५५७ च्या सालीं, गोन्सालोचा तेथें जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई वसईकडची. अशा घरांत मूल दोन जिभा घेऊन वाढतें : एक बापाची पोर्तुगीज, दुसरी आईच्या माणसांची, म्हणजे उत्तर कोंकणांतली मराठी बोली. किल्ल्यांतल्या येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशीं, विशेषतः फादर सेबास्तियन गोन्साल्विस ह्यांच्या हाताखालीं, त्याचें शिक्षण झालें. मिस्सेची लॅटिन रोज कानावरून जात होतीच.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे १५७२ च्या आसपास, ह्याच गुरूंबरोबर मुलगा जपानास निघाला. गोवें, मलाक्का, मकाव अशी ती वाट. वारा असेल तेव्हां चालावयाचें आणि नसेल तेव्हां बंदरांत महिनेच्या महिने पडून राहावयाचें. जहाजावर एक जपानी गृहस्थ होता व त्याच्यापाशीं बसून गोन्सालोनें त्या भाषेचे पहिले धडे घेतले, असें जुन्या चरित्रांत सांगितलें आहे. ही गोष्ट मला फार खरी वाटते. कारण त्या वेळीं जपानी शिकण्यास छापील साधन मुळींच नव्हतें. येशूसंघाचा छापखाना जपानांत पोंचला १५९० मध्यें. जपानी-पोर्तुगीज असा मोठा शब्दकोश नागासाकीस छापून निघाला १६०३ मध्यें. आणि फादर जुआंव रॉड्रिग्ज ह्यांचें व्याकरण त्याच्याही मागून. तेव्हां ज्याला ती भाषा पाहिजे, त्यानें ती माणसांच्या तोंडून उचलावी, चुकावें, हंसून घ्यावें आणि पुन्हां बोलावें, एवढाच मार्ग होता. तो मोठ्या विद्वानांपेक्षां पंधरा वर्षांच्या पोरालाच अधिक सोपा.

जपानी भाषेंत आदराच्या पायऱ्या पुष्कळ. आपल्याकडे तूं, तुम्ही आणि आपण एवढ्यावर भागतें. तेथें क्रियापदच्या क्रियापद बदलतें, आणि आपल्या वस्तूला एक शब्द तर समोरच्याच्या वस्तूला दुसरा. शेतकऱ्याशीं बोलावयाची जपानी सरदाराशीं बोलली तर तो उपमर्द ठरे. गोन्सालो तेथें धर्मशिक्षक म्हणून आठ-दहा वर्षें राहिला, गांवोगांव हिंडला, मुलांना व प्रौढांना प्रश्नोत्तरी शिकवीत बसला. पुढें ज्यांनीं त्याचें बोलणें ऐकलें, त्या सोबत्यांनीं त्याची जपानी उत्तम असल्याची साक्ष दिली आहे.

एक गंमत येथें सांगण्याजोगी आहे. आपला पाव हा शब्द पोर्तुगीजांचा. जपान्यांनींही तोच शब्द उचलला, आणि त्यांचा उच्चार झाला पान. पुढें गोन्सालो स्पॅनिश लोकांत गेला, तेव्हां त्यांचा शब्दही पानच. वसईच्या पोरानें जगाच्या दुसऱ्या टोंकास जाऊन भाकरी मागितली, तरी शब्द घरच्याच गोतांतला निघे!

आतां दुःखाचा भाग. गोन्सालोची इच्छा येशूसंघांत प्रवेश घेण्याची होती. ती पुन्हां पुन्हां लांबणीवर पडली व शेवटीं सफळ झालीच नाहीं. त्याचें कारण शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. हिंदुस्थानांत जन्मलेल्यांस, त्यांतही मिश्र रक्ताच्या माणसांस, संघांत घेण्याविषयीं त्या काळीं मोठा संकोच होता. पूर्वेकडील मिशनांचे निरीक्षक फादर अलेस्सांद्रो व्हालिग्नानो हे जपानी तरुणांविषयीं उदार, पण हिंदुस्थानी जन्माच्या उमेदवारांविषयीं मात्र प्रतिकूल होते. ज्यांचें व्याकरण वर उल्लेखिलें ते रॉड्रिग्ज हेही गोन्सालोप्रमाणेंच पंधरा-सोळाव्या वर्षीं, १५७७ मध्यें, जपानांत आले होते. त्यांनींही भाषा कानानेंच उचलली. ते पोर्तुगालांत जन्मले होते. ते संघांत गेले, धर्मगुरु झाले आणि दुभाषी म्हणून इतिहासांत अजरामर झाले. त्यांच्या योग्यतेविषयीं मला कांहीं म्हणावयाचें नाहीं. ती थोर होती. परंतु हीं दोन आयुष्यें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे वसईच्या मुलाला काय गिळावें लागलें असेल, हें न सांगतां कळतें. संतांच्या चरित्रांतून असे परिच्छेद गाळण्याची चाल आहे. ती मला पसंत नाहीं.

संघाचें दार उघडेना, तेव्हां गोन्सालो व्यापारास लागला. ज्याला जपानी व पोर्तुगीज दोन्ही येतात, त्याला पूर्वेच्या बंदरांत काम कमी नव्हतें. व्यापार वाढला, पैसा आला. कांहीं वर्षांनीं तो मनिलास पोंचला.

मनिला हें शहर स्पॅनिश लोकांनीं १५७१ मध्यें आपल्या सत्तेचें ठाणें केलें. तेथें येण्याची त्यांची वाट आपल्या पोर्तुगीजांहून अगदीं उलटी : स्पेनहून मेक्सिको, आणि मेक्सिकोहून अफाट प्रशांत महासागर ओलांडून फिलिपाइन्स बेटें. पोर्तुगीज पश्चिमेकडून आले आणि स्पॅनिश पूर्वेकडून, आणि पृथ्वी वाटोळी असल्यामुळें दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. १५८० पासून दोन्ही देशांवर राजा एकच, दुसरा फिलिप; पण ईर्षा कांहीं मिटली नाहीं. मनिलांत १५७७ मध्यें अनवाणी फ्रान्सिस्कन आले होते. त्यांचें जीवन कडक : पायांत वहाण नाहीं, अंगावर जाडेंभरडें वस्त्र, कमरेस दोरी, आणि उदरनिर्वाह भिक्षेवर. त्यांच्यापैकीं ब्रदर हुआन पोब्रे ह्यांच्याशीं गोन्सालोची ओळख झाली. पोब्रे म्हणजे गरीब. ह्या गरिबाला पाहून त्या श्रीमंतानें आपला व्यापार सोडला आणि मठाचें दार ठोठावलें. हें दार उघडलें.

वय तिशीच्या घरांत. धर्मगुरुपदाची वाट त्यांनीं घेतली नाहीं. ते साधे ब्रदर झाले. ह्यापुढें त्यांना मानानें संबोधणेंच योग्य.

मठाची भाषा कॅस्टिलियन, म्हणजे आज जिला आपण स्पॅनिश म्हणतों ती. जिची पोर्तुगीज पक्की, त्याला ही भाषा शिकणें म्हणजे मराठी माणसानें कोंकणी शिकण्यासारखें आहे. म्हणजे सोपें, असें लोक समजतात. ज्यानें प्रयत्न केला आहे त्याला विचारा! परकी भाषा चुकली तर लोक कौतुक करतात. बहिणीसारखी भाषा चुकली तर हंसतात. पोर्तुगीजांत देवळाला इग्रेजा म्हणतात (आपल्या कोंकणी बांधवांची इगर्ज तिथलीच), स्पॅनिशमध्यें तेंच इग्लेसिया. भावाला तिकडे इर्मांव, इकडे एर्मानो. शब्द ओळखीचे, पण प्रत्येक शब्दाला किंचित् मुरड; आणि त्या किंचित् मुरडीनेंच बोलणारा परका ओळखूं यावयाचा. त्यांत मनिलाच्या स्पॅनिशांस पोर्तुगीज वळणाचें बोलणें म्हणजे प्रतिस्पर्ध्याचें बोलणें. जेवणघरांत सद्ग्रंथ वाचला जाई तो, वरिष्ठ रागें भरत ते शब्द, बाजारांत भिक्षा मागतांना म्हणावयाचें वाक्य, सारें आतां ह्या नव्या जिभेंत.

साध्या ब्रदरांच्या प्रार्थनेविषयीं संत फ्रान्सिस ह्यांनीं १२२३ च्या नियमांत जें लिहून ठेविलें आहे, तें पाहण्यासारखें आहे. धर्मगुरूंनीं ग्रंथांतून प्रार्थनाविधि म्हणावा. ब्रदरांनीं त्याऐवजीं ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणावी : मध्यरात्रीच्या विधीस २४ वेळां, पहांटेच्या स्तुतीस ५, दिवसाच्या चार लहान प्रहरांस प्रत्येकीं ७, सायंप्रार्थनेस १२, आणि निजण्यापूर्वीं ७. बेरीज केली तर दिवसास ७६ होतात. व्यापाराचे हिशेब करणाऱ्या माणसाला आतां हा हिशेब. बाकीचा वेळ स्वयंपाक, झाडलोट, दारावर पहारा, आजाऱ्यांची शुश्रूषा. वर्षानुवर्षें ज्याच्या बोलण्यावर इतरांचे व्यवहार चालले, त्यानें मठांतील मौनाचे तास पाळावयास शिकावयाचें. जिभेचा संयम ही साधना सर्वांस कठीण. दुभाष्यास अंमळ अधिकच.

मात्र मठांत आल्यानें त्यांचें भाषाज्ञान वाया गेलें असें नव्हे. १५८२ च्या मनिला येथील धर्मसभेनें प्रत्येक जमातीस तिच्या भाषेंत धर्म शिकवावा असें ठरविलें होतें. फ्रान्सिस्कन फादर हुआन दे प्लासेन्सिया ह्यांनीं टागालोग भाषेचा अभ्यास करून प्रश्नोत्तरी रचली, आणि १५९३ मध्यें मनिलास जें ख्रिस्ती धर्मतत्त्वांचें पुस्तक छापलें गेलें त्यांत स्पॅनिश व टागालोग मजकूर एकत्र आहे, टागालोग तर तिच्या मूळ लिपींतही. आपल्या फादर स्टीफन्स ह्यांचें क्रिस्तपुराण १६१६ चें, हें येथें स्मरावें. शिवाय मनिलाच्या कोटाबाहेर दिलाव येथें जपानी लोकांची वस्ती होती व तिची धर्मसेवा फ्रान्सिस्कनांकडे होती. अशा मठांत अस्खलित जपानी बोलणारा ब्रदर म्हणजे हातीं आलेला हिराच.

त्या हिऱ्याचा उपयोग लौकरच झाला. जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्यानें फिलिपाइन्सच्या गव्हर्नराकडे पत्र धाडून मांडलिकत्व मागितलें होतें. उत्तर घेऊन १५९३ मध्यें गव्हर्नर गोमेझ पेरेझ दासमारिन्यास ह्यानें जें शिष्टमंडळ पाठविलें, त्याचे प्रमुख फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता हे होते. त्यांना जपानी येत नव्हती. त्यांची बाजू मांडण्यासाठीं ब्रदर गोन्सालो बरोबर गेले.

हिदेयोशी त्या वेळीं कोरियाच्या स्वारीसाठीं क्यूशू बेटावर हिझेन प्रांतांतल्या नागोया येथें तळ देऊन होता. (आजचें नागोया शहर निराळें.) तेथें भेट झाली. प्रसंग नाजूक. मागणी शरणागतीची, आणि उत्तर मैत्रीचें. मांडलिकत्व देतों असें म्हणावयाचें नाहीं, नाहीं म्हटलें तर सम्राटासारख्या वागणाऱ्या माणसाचा कोप. कॅस्टिलियन वाक्याचा अर्थ ढळूं न देतां तो आदराच्या योग्य पायरीवर जपानींत उतरविणें, हें त्या दिवशीं वसईच्या साध्या ब्रदराचें काम होतें. वसईचें किल्ल्यांतलें शिक्षण, खेड्यापाड्यांतली धर्मशिक्षकाची वणवण, बंदरांतला व्यापार, मनिलाचा मठ, सारें एका तासांत वापरलें गेलें असें म्हटलें तर चालेल. हिदेयोशीनें त्यांना राहूं दिलें. १५८७ मध्यें त्यानेंच परदेशी धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या यशाचें मोल कळतें.

राजदूताचें पत्र आणि सुवार्ता हीं दोन्हीं एकाच झोळींत घालणें शहाणपणाचें होतें काय? माझ्या मतें नव्हतें. येशूसंघीयांनीं तेव्हांच आक्षेप घेतला होता. १५८५ मध्यें पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनीं जपानचें क्षेत्र त्यांनाच नेमून दिलें होतें. फ्रान्सिस्कन पुढच्या पोपांच्या १५८६ च्या पत्राचा आधार दाखवीत. हा वाद कटु झाला, आणि दोन्ही बाजूंस साधु माणसें होतीं, हें त्यांतलें दुर्दैव.

क्योतो येथें मिळालेल्या जागेवर फ्रान्सिस्कनांनीं देऊळ व मठ उभारला आणि संत ॲना व संत योसेफ ह्यांच्या नांवें दोन रुग्णालयें काढलीं. तेथें महारोगी येत, ज्यांना कोणी शिवत नसे. सुरुवातीस बाकीचे बंधु जपानी शिकत होते तोंवर दुकानदारापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांशीं बोलावयाचें, धर्म समजावून सांगावयाचा, रोग्याचें दुखणें काय तें फादरांना कळवावयाचें, ह्या सर्वांचा भार ब्रदर गोन्सालोंवर. मठांत पायरी शेवटची आणि तोंड मात्र सर्वांचें!

मग १५९६ चा ऑक्टोबर आला. मनिलाहून मेक्सिकोस निघालेलें सान फेलिपे हें प्रचंड गलबत वादळानें मोडकळून तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. माल जप्त झाला. तेव्हां गलबताच्या सुकाणूवाल्यानें जपानी अधिकाऱ्यास नकाशा दाखवून फुशारकी मारली कीं, आमचा राजा आधीं धर्मोपदेशक पाठवितो व मागाहून सैन्य, असें सांगितलें जातें. तो नेमका काय बोलला ह्यावर येशूसंघीय व फ्रान्सिस्कन लेखक पुढें शेंकडों वर्षें भांडले. तें कसेंही असो, हिदेयोशी खवळला, आणि डिसेंबरांत क्योतो व ओसाका येथील मठांभोंवतीं पहारे बसले.

पुढची कथा आपणांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. १५९७ च्या जानेवारीच्या आरंभीं क्योतोच्या रस्त्यांत २४ कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यांत आली. मग भर हिंवाळ्यांत नागासाकीपर्यंतचा प्रवास, सुमारें ८०० किलोमीटर. आपण कोल्हापुराहून चालत मुंबईस जावें व चालतच परत यावें, एवढा. वाटेंत आणखी दोघे कैद्यांत सामील केले गेले आणि संख्या २६ झाली : सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय, व सतरा जपानी गृहस्थ व मुलें. सर्वांत लहान लुईस इबाराकी, वय १२. ज्या दोन संघांत इतका कलह होता, त्यांचीं माणसें एका रांगेंत उभ्या केलेल्या क्रूसांवर गेलीं. ब्रदर गोन्सालो तेव्हां चाळीस वर्षांचे होते.

पोप आठवे उर्बान ह्यांनीं १६२७ मध्यें त्यांना धन्यवादित जाहीर केलें, आणि वसईंत त्यांची भक्ति सुरू झाली. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला. किल्ल्यांतलीं देवळें ओस पडलीं, झाडोऱ्यांत गेलीं. पोप नववे पायस ह्यांनीं ८ जून १८६२ रोजीं सव्विसांना संतपद दिलें. त्या घटनेस शंभर वर्षें झालीं तेव्हां, १९६२ मध्यें, निशिझाका टेकडीवर शिल्पकार यासुताके फुनाकोशी ह्यांनीं घडविलेल्या सव्वीस ब्राँझच्या मूर्ति एका रांगेंत बसविण्यांत आल्या. शेजारच्या संग्रहालयाचे पहिले संचालक फादर दिएगो पाचेको हे स्पेनांत जन्मलेले. त्यांनीं जपानी भाषा आणि पुढें जपानी नागरिकत्वही घेतलें.

फेब्रुवारीची ५ वी तारीख संत आगाथा ह्यांची असल्यामुळें ह्या रक्तसाक्ष्यांचें स्मरण ६ तारखेस होतें. जागतिक दिनदर्शिकेंत त्या दिवशीं ‘संत पौल मिकी आणि सोबती’ एवढेंच छापलेलें असतें. वसईचे गोन्सालो सोबत्यांत आहेत.